१९९७ ची पोर्शे ९११ : ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ विमा घेताना रक्कम कशी ठरवावी?

रॅरिटनकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. अनेक वर्षे मनात असलेली १९९७ सालची पोर्शे ९११ कॅरेरा मी नुकतीच ९२,००० डॉलरना विकत घेतली. ‘९९३’ या क्रमांकाने ओळखली जाणारी ही पिढी म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११. १९९८ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि पुढच्या ९११ ला पाण्याने थंड होणारे इंजिन आले. माझी गाडी कूपे आहे, सहा गिअरची मॅन्युअल आहे, रंग बहुतांशी कारखान्यातलाच आहे आणि पहिल्या मालकापासूनच्या देखभालीच्या पावत्या सोबत मिळाल्या आहेत.

प्रश्न विम्याचा आहे. घरातल्या इतर दोन गाड्यांचा विमा ज्या कंपनीकडे आहे, ती हीसुद्धा नेहमीच्या पॉलिसीत घालायला तयार आहे. मात्र नुकसान झाल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य, म्हणजे घसारा वजा करून येणारी रक्कमच मिळेल. तीच कंपनी थोडा अधिक हप्ता घेऊन ‘स्टेटेड व्हॅल्यू’ची पॉलिसी देते. तिसरा पर्याय संग्राह्य गाड्यांचाच विमा करणाऱ्या कंपनीचा, ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा आहे. त्याचा हप्ता आश्चर्य वाटावे इतका कमी आहे, पण वापरावर अटी आहेत. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात नेमका फरक काय, तिसरा घेतल्यास रक्कम खरेदीच्या किमतीइतकी ठेवावी की अधिक, आणि अधूनमधून शुक्रवारी गाडी कार्यालयात नेली तर चालेल का?

माझा धाकटा भाऊ फोंड्याला असतो. त्याच्याकडे सॅन स्टॉर्म आहे. भारतात असा विमा मिळतो का, हेही कोणी सांगितले तर त्याला कळवीन.

पॉलिसीवाचक

अभिनंदन. मी या राज्यात विमा क्षेत्रात काम करतो. माझी कंपनी संग्राह्य गाड्यांचा विमा करत नाही, त्यामुळे पुढील मत कोणत्याही कंपनीच्या बाजूने नाही.

‘स्टेटेड व्हॅल्यू’ हा पर्याय मी तुमच्यासाठी पूर्णपणे बाजूला ठेवीन. त्यात तुम्ही एक रक्कम सांगता, त्या रकमेवर हप्ता भरता आणि गाडी पूर्ण नष्ट झाली की पॉलिसीतले कलम सांगते : सांगितलेली रक्कम किंवा प्रत्यक्ष बाजारमूल्य, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे तुम्ही सांगितलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा ठरते. तिच्या खाली किती द्यायचे, हा वाद अपघातानंतर, तुमच्याकडे गाडी नसताना, तुम्हाला घालावा लागतो. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’मध्ये हाच वाद पॉलिसी सुरू होण्यापूर्वी मिटवलेला असतो. गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला जाऊन सापडली नाही, तर ठरलेली रक्कम, वजावट (दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची ठरीव रक्कम) असल्यास तेवढी कमी करून, घसाऱ्याचा हिशेब न मांडता मिळते.

मात्र जाहिरातीत किंवा दलालाच्या पत्रात ‘ॲग्रीड’ लिहिले आहे यावर समाधान मानू नका. पॉलिसीचा मूळ मजकूर मागून घ्या आणि त्यातले नुकसानभरपाईच्या मर्यादेचे कलम वाचा. त्यात ‘यांपैकी जे कमी असेल ते’ या अर्थाचे शब्द सापडले, तर वर नाव काहीही असो, ती पॉलिसी तुमच्या उपयोगाची नाही.

हप्ता कमी असण्याचे कारण अटींमध्येच आहे. अशा कंपन्या गृहीत धरतात की ही गाडी कमी चालेल, कुलूपबंद गॅरेजमध्ये राहील, घरातल्या प्रत्येक परवानाधारकाकडे रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असेल आणि चालवणाऱ्यांचा पूर्वेतिहास स्वच्छ असेल. तुम्ही कमी पैसे भरता ते या गृहीतकांच्या बदल्यात, आणि म्हणून शुक्रवारचा प्रश्न लहान नाही. काही कंपन्या कार्यालयात जाणे साफ वर्ज्य करतात, काही क्वचित चालवून घेतात, काही वर्षाला मैलांची मर्यादा घालतात. तुम्ही महिन्यातून किती वेळा गाडी नेणार आहात ते लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. फोनवर मिळालेला ‘हो, हरकत नाही’ हा दिलासा दाव्याच्या वेळी पुराव्यादाखल उभा राहत नाही. त्यांनी नकार दिला आणि तुम्हाला ती गाडी खरोखरच कामावर न्यायची असेल, तर थोडा जास्त हप्ता घेऊन वापराची मोकळीक देणारी कंपनी शोधा. वापर लपवून घेतलेली स्वस्त पॉलिसी हा सर्वांत महाग पर्याय ठरू शकतो.

क्रमांकाच्या पाटीचा (नंबरप्लेटचा) मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. न्यू जर्सीत २५ वर्षांहून जुन्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ पाटी मिळू शकते आणि तुमची गाडी त्या वयाची आहे. पण ती पाटी प्रदर्शने व शैक्षणिक उपक्रमांपुरत्या वापरासाठी असते. पॉलिसी मोकळीक देत असेल आणि पाटी देत नसेल, अशी विसंगती निर्माण करू नका. रविवारी सहज फिरायला जायचे असेल तर साधी पाटीच ठेवा.

वातशीत

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त रकमेच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण तो बहुतेकांच्या लक्षात उलट क्रमाने येतो. ‘ठरलेली रक्कम’ म्हणजे गाडी नष्ट झाल्यावर मिळणारे पैसे, एवढाच विचार केला जातो. परंतु गाडी पूर्ण नष्ट होणे हे तुलनेने विरळा घडते. त्याच रकमेवरून आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती म्हणजे मोठा अपघात झाल्यावर गाडी दुरुस्त करून तुम्हाला परत मिळणार की कंपनी ती ‘टोटल’, म्हणजे पूर्ण नष्ट, ठरवून घेऊन जाणार.

न्यू जर्सीत यासाठी ठरावीक टक्केवारी नाही. दुरुस्तीचा खर्च आणि मोडक्या गाडीला लिलावात मिळू शकणारी किंमत यांची बेरीज गाडीच्या मूल्यापेक्षा जास्त झाली, तर दुरुस्ती परवडत नाही असा हिशेब साधारणतः केला जातो. आता समजा, हप्ता वाचवण्यासाठी तुम्ही रक्कम ६०,००० ठेवली. मागून धडक बसली आणि दुरुस्तीचा अंदाज ४२,००० आला. हवेने थंड होणाऱ्या ९११ च्या सुट्या भागांना इतकी मागणी असते की मोडकी गाडीसुद्धा ३५,००० ला जाऊ शकेल. बेरीज ७७,००० होते. कंपनी तुम्हाला ६०,००० देईल आणि सहज वाचू शकणारी गाडी घेऊन जाईल; तिची खरी किंमत ९२,००० होती हे सांगायला तुम्हाला जागाच नसेल, कारण ६०,००० हा आकडा तुम्हीच मान्य केला होता. त्याच गाडीची रक्कम १,०५,००० असती, तर तीच ७७,००० ची बेरीज मर्यादेच्या बरीच आत राहिली असती आणि गाडी दुरुस्त होऊन घरी आली असती.

म्हणून फुगवलेली रक्कम सुरक्षित, असेही समजू नका. रक्कम १,५०,००० आहे असे धरा. सांगाडा वाकला आहे, दुरुस्ती ९०,००० ची आहे आणि मोडक्या गाडीला ३०,००० येतील. बेरीज १,२०,००० झाली, म्हणजे कंपनी दुरुस्तीच करणार. तुमच्या हाती येणारी गाडी मोठ्या अपघाताचा इतिहास असलेली असेल आणि बाजार तिला पूर्वीची किंमत देणार नाही. अपघातानंतर बाजारात कमी झालेले हे मूल्य स्वतःच्या विमा कंपनीकडून बहुतेक राज्यांत मिळत नाही. जॉर्जियात तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालामुळे परिस्थिती वेगळी आहे, पण तुम्ही जॉर्जियात राहत नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारावा : आज ही गाडी नाहीशी झाली, तर याच दर्जाची दुसरी गाडी शोधून, तपासून, दुसऱ्या राज्यातून ट्रकने आणून, विक्रीकर भरून माझ्या दारात उभी करायला किती खर्च येईल? तीच रक्कम घाला. खरेदीच्या ९२,००० वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकरच सहा हजारांहून अधिक होतो, वाहतूक आणि तपासणी वेगळी. त्यामुळे मी तुमच्या जागी एक लाखाच्या किंचित वरची रक्कम मागितली असती, आणि ती मागताना सोबत पुरावा जोडला असता.

पुराव्याविषयी थोडे. ९९३ मध्ये मॅन्युअल आणि टिपट्रॉनिक (पोर्शेचा स्वयंचलित गिअरबॉक्स) यांच्या किमतींत मोठे अंतर आहे. कूपे (पक्क्या छताची) व कॅब्रिओले (उघडणाऱ्या छताची) यांतही आहे. आणि कॅरेरा एस, ४एस किंवा टर्बोच्या विक्रीचा दाखला साध्या कॅरेरासाठी देऊन काहीच साधत नाही. ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या ऑनलाइन लिलावांचे निकाल सर्वांना पाहता येतात, त्यातून तुमच्याच प्रकारच्या, तेवढ्याच मैलांच्या चार-पाच अलीकडच्या विक्री निवडा. संग्राह्य गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी कंपनीची किंमतसूची गाड्यांना १ (सर्वोत्तम) ते ४ अशा दर्जांत बसवते. प्रत्यक्ष चालवल्या जाणाऱ्या, निगा राखलेल्या बऱ्याच गाड्या तिसऱ्या दर्जात येतात, आणि आपली गाडी दुसऱ्या दर्जाची आहे असे प्रत्येक मालकाला मनापासून वाटते. येथे प्रामाणिक राहिलात तर कंपनीशी बोलणे फार सोपे होते.

गाडीच्या मूळपणाची नोंद आताच करून ठेवा. इंजिन व गिअरबॉक्सचे क्रमांक गाडीच्या मूळ नोंदींशी जुळतात हे दाखवणारे छायाचित्र, प्रत्येक पत्र्यावरच्या रंगाच्या जाडीची यंत्राने घेतलेली मापे, काचेवरचे मूळ किमतीचे स्टिकर, दोन्ही किल्ल्या, पुस्तिका, हत्यारांची पिशवी, जॅक आणि पुढच्या डिकीतले लहान सुटे चाक, या सगळ्यांची छायाचित्रे घरापासून दूर कुठेतरी साठवा. कारखान्यातला मूळ रंग शाबूत असणे हे या गाड्यांच्या किमतीतले मोठे कारण असते, आणि अपघातानंतर ते सिद्ध करता येत नाही.

आता ज्या कलमांकडे दुर्लक्ष होते ती. दुरुस्ती कोठे करायची हे तुम्ही ठरवणार का? मूळ बनावटीचेच भाग वापरले जातील असे लिहिले आहे का? अंशतः नुकसानीत जुन्या भागाच्या जागी नवा घातला म्हणून काही रक्कम कापली जाणार का? गाडी बंद पडली तर सपाट ट्रकवरूनच उचलली जाईल का? माझ्या दृष्टीने दोन कंपन्यांतली निवड हप्त्यावर नव्हे, तर या चार प्रश्नांच्या उत्तरांवर व्हायला हवी. पुराबाबतही विचारा. सप्टेंबर २०२१ च्या आरंभी आयडा वादळाने मॅनव्हिल आणि रॅरिटन नदीकाठची इतर गावे पाण्याखाली गेली होती. पॉलिसीच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (धडकेखेरीज इतर नुकसानीच्या) भागात पूर सामान्यतः येतो, पण तुमचे गॅरेज सखल जागी असेल तर गाडी आधी हलवण्याच्या खर्चाविषयी पॉलिसी काय म्हणते ते पाहा.

रॅरिटनकाठ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कमी रक्कम ठेवल्याने गाडीच हातची जाऊ शकते, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. दोन उपप्रश्न आहेत. चूक समोरच्या चालकाची असेल, तर त्याच्या विमा कंपनीला माझी ठरलेली रक्कम मान्य करावी लागते का? आणि वर्षातून एखाद्या वेळी मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कमध्ये क्लबच्या प्रशिक्षणाच्या दिवशी जायची इच्छा आहे. ते याच पॉलिसीत बसते का?

पॉलिसीवाचक

पहिल्याचे उत्तर नाही. ठरलेली रक्कम हा तुमच्या आणि तुमच्या कंपनीतला करार आहे. समोरच्याची कंपनी त्याला बांधलेली नाही आणि ती बाजारमूल्याच्या आधारेच बोलणार. शिवाय तिची जबाबदारी त्या चालकाने घेतलेल्या मर्यादेपुरतीच असते. न्यू जर्सीत ‘बेसिक’ पॉलिसी घेणाऱ्या चालकाचे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचे संरक्षण केवळ ५,००० डॉलर असू शकते. ९९३ चा पुढचा बंपर, दिवे आणि एक फेंडर एवढ्यातच ते संपेल. म्हणून अशा प्रसंगी स्वतःच्या कंपनीकडे दावा करावा, ठरलेल्या अटींवर भरपाई घ्यावी आणि समोरच्याकडून वसुली करण्याचे काम कंपनीवर सोपवावे. बाजारमूल्यात झालेल्या घटीची मागणी मात्र चूक करणाऱ्या पक्षाकडे करता येते; दुरुस्तीपूर्वीचे मूल्यांकन हाताशी असेल तर त्या मागणीला आधार मिळतो.

दुसऱ्याचे उत्तरही बहुधा नाही असेच निघेल. शर्यत आणि वेळ मोजून चालवणे जवळजवळ सर्वच पॉलिसी वगळतात, आणि अनेक कंपन्यांच्या कलमात प्रशिक्षणाचे दिवसही, किंबहुना ट्रॅकवरचा कोणताही वापर, त्याच वाक्यात वगळलेला असतो. त्या दिवसापुरती वेगळी पॉलिसी मिळते, तीही ठरलेल्या रकमेवर. मात्र तिच्यात वजावट मोठी असते आणि इतरांना झालेल्या इजेची जबाबदारी सहसा नसते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण महत्त्वाची आहे. तुमच्याकडे अंब्रेला पॉलिसी (इतर पॉलिसींची मर्यादा संपल्यावर लागू होणारे जादा संरक्षण) असेल, तर तिच्या खालच्या सर्व गाड्यांवर अमुक एवढे दायित्वाचे, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या जबाबदारीचे, संरक्षण हवे अशी तिची अट असते. पोर्शेची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि तिच्यातली दायित्वाची मर्यादा त्या अटीपेक्षा कमी राहिली, तर मधली तफावत तुमच्या खिशातून जाईल. दोन्ही कंपन्यांना एकमेकींची माहिती द्या.

जुनीनंबरप्लेट (पुणे)

भावाच्या सॅन स्टॉर्मविषयी लिहितो. गोव्यात वेर्ण्याला तयार झालेली, फायबर ग्लासच्या बांध्याची आणि रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची ही दोन आसनी गाडी भारतातल्या मोजक्या स्वदेशी स्पोर्ट्स गाड्यांपैकी एक आहे, आणि विम्याच्या दृष्टीने तिची अडचण खरी आहे.

आपल्याकडे मोटार विम्याची चौकट २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने घालून दिली. त्या टॅरिफच्या मजकुरानुसार ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी फक्त व्हिंटेज गाड्यांना देता येत असे, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली व व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले, ज्यांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. पण ती नोंदणीची व्यवस्था आहे आणि स्टॉर्म त्या वयाच्या जवळपासही नाही.

तरीही हातात काहीच नाही असे मानू नये. नेहमीच्या पॉलिसीत गाडीचे मूल्य ‘आयडीव्ही’ (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे विम्यासाठी घोषित मूल्य) म्हणून लिहिलेले असते आणि घसाऱ्याचा ठरीव तक्ता पाच वर्षांपर्यंतच लागू होतो. त्यानंतर हे मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे असते, आणि एकदा लिहिलेले आयडीव्ही त्या पॉलिसीच्या मुदतीत संपूर्ण नुकसानीसाठी तेच राहते. अडचण अशी की ऑनलाइन नूतनीकरणात संगणक नाममात्र आकडा दाखवतो आणि मालक तो मान्य करून पुढे जातात. तुमच्या भावाने ऑनलाइन न करता शाखेत जावे, परवानाधारक सर्वेक्षकाचा मूल्यांकन अहवाल आणि गाडीची छायाचित्रे सोबत न्यावीत आणि वाजवी आयडीव्ही लेखी मागावे. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. वातशीत यांनी वर मांडलेला धोका त्यामुळे येथे अधिकच तीव्र होतो : आयडीव्ही ८०,००० रुपये असेल, तर ६०,००० च्या पुढची कोणतीही दुरुस्ती गाडीचा शेवट ठरेल.

अंशतः नुकसानीत फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के, प्लास्टिक व रबरावर ५० टक्के आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, हेही त्याला सांगा. स्टॉर्मचा जवळजवळ सगळा बाह्य भाग फायबरचा असल्याने ही कपात त्याला प्रत्येक दाव्यात सोसावी लागेल. घसारामाफीचे जोडकलम इतक्या जुन्या गाडीला सहसा दिले जात नाही.

रॅरिटनकाठ (प्रश्नकर्ता)

तिन्ही उत्तरांची प्रत भावाला पाठवली आहे. तो या आठवड्यात मडगावच्या शाखेत जाणार आहे. मी संग्राह्य गाड्यांच्या कंपनीकडे १,०३,००० ची रक्कम, पाच तुलनात्मक विक्री आणि रंगाच्या मापांसह अर्ज केला आहे. शुक्रवारच्या वापराविषयी लेखी विचारणा केली आहे आणि उत्तर येईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहील. शेवटची शंका अशी की गाडी टोटल ठरली, तर मोडकी गाडी स्वतःकडे ठेवता येते का?

वातशीत

बहुतेक कंपन्यांत येते. मात्र लिलावात तिला जी किंमत आली असती, ती ठरलेल्या रकमेतून वजा होते आणि मालकीपत्रावर ‘साल्व्हेज’ (मोडीत निघालेली) असा शिक्का बसतो. या गाडीच्या मोडक्या अवस्थेलाही चांगली किंमत येत असल्याने ती वजावट लहान नसेल. काही संग्राह्य गाड्यांच्या पॉलिसींत पूर्ण रक्कम मिळूनही गाडी ठेवण्याची मुभा जोडकलम म्हणून मिळते; अर्जावर निर्णय होण्याआधीच त्याचा भाव विचारून घ्या. रक्कम पुन्हा तपासण्याची आठवणही नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेला दिनदर्शिकेत लिहून ठेवा. २०१५ च्या आसपास आणि पुन्हा २०२१-२२ मध्ये हवेने थंड होणाऱ्या ९११ च्या किमती इतक्या वेगाने चढल्या होत्या की जुनीच रक्कम पुढे चालू ठेवणाऱ्यांचा विमा वर्षभरात अपुरा पडला. कंपनी आपणहून रक्कम वाढवत नाही. ती तुम्हालाच, नव्या विक्रींचे दाखले जोडून, दरवर्षी वाढवून मागावी लागते.